रिकाम्या रकान्याला फोन करायचा

कुंदा, आपला वाद मी जिंकले. तू जाऊन अजून महिना व्हायचा आहे, आणि मी जिंकले. काय डोंबलाचं जिंकणं हे! समोर "बरं बाई, तुझंच खरं" म्हणून तोंड वाकडं करायला तू नाहीस, तर मी हे जिंकणं घेऊन जाऊ कुठे?

वाद एकच होता. अनसुइया सिस्टरकडे जायचं की नाही जायचं. मी म्हणायची, जा, तिच्यासमोर उभी राहा, तिला काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे. तू म्हणायचीस, "कोणत्या तोंडानं जाऊ वं विजू?" आणि डबा उघडायचीस. तुझा डबा उघडला की विषय बंद. भरल्या वांग्याचा वास सुटल्यावर कोण भांडणार? असे दोन उन्हाळे गेले. आता थंडी पडली आहे आणि मी जाऊन आले. तुझ्याशिवाय. काय झालं ते तुला सांगायलाच पाहिजे, दुसऱ्या कोणाला सांगून त्यातलं अर्धंही कळणार नाही.

लिहायला बसले की माझी भाषा शाळेतल्या बाईंसारखी होते, त्याला तू हसायचीस. "बोलतं तर आमच्यासारखीच, मंग कागदावर काहून पुण्याले जाऊन येतं?" हस आता. हसून घे.

आपली जोडी कोणी लावली देव जाणे. शंकर नगरच्या ऑफिसातली ती वरची खोली, कूलर लावला की कागद उडायचे आणि बंद केला की आपण शिजायचो. मी हिशेबाच्या खात्यातून आलेली, तू वॉर्डातून. आपल्या या हिंदी राज्यातल्या सरकारी दवाखान्यांची माहिती एका साच्यात आणायची, एवढंच काम. पैसा किती आला, कुठे गेला, खाटा किती, माणसं किती आली, किती बरी होऊन गेली, किती तशीच गेली. पैशाची बाजू माझी आणि माणसांची तुझी. मी तात्यापारा मोहल्ल्यातली, भोसल्यांबरोबर इकडे आलेल्या घरातली, आणि तेव्हा त्याचा मला जरा तोराही होता. तू गोंदियाकडची, रेल्वेवाल्याची मुलगी, उरला इथल्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याला दिलेली. पहिल्याच दिवशी तू मला सुनावलंस, "तुम्ही घोड्यावर आले, आम्ही पॅसेंजरनं आलो. पोहोचलो तर एकाच जागी ना?" माझा तोरा तिथेच गळाला.

मला वाटायचं, एक चांगला फॉर्म बनवला, सगळ्यांना पाठवला, की झालं. बाई गं! एका दवाखान्यानं जनरेटरचं डिझेल औषधांच्या खर्चात घातलेलं. काहून, तर तिथे पैसे उरले होते. दुसऱ्यानं डॉक्टरांच्या क्वार्टर्सची वीज ऑपरेशन थिएटरच्या नावावर. आणि तो व्हरांड्यातला बाक आठवतो? त्याला सलाईन लावतात म्हणून तो खाटांच्या आकड्यात धरलेला. मी तावातावानं नियम सांगायला लागले, फार्मासिस्ट माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात त्याचे नियम सांगायला लागला. तू काही न बोलता जाऊन त्या बाकावर आडवी झालीस. पदर नीट केलास, डोळे मिटलेस. मग उठून बसलीस आणि म्हणालीस, "भैया, पैर लटक रहे हैं. ये खटिया नहीं है." तो हसला. तिथल्या तिथे आकडा दुरुस्त केला. वर आपल्याला चहा पाजला.

पहिले बसायचं, मग विचारायचं. हे तुझं शास्त्र. कुठल्याही दवाखान्यात गेलो की तू आधी स्वयंपाकघरात जायचीस, मग वॉर्डात एखाद्या म्हातारीच्या पायाशी बसायचीस, आणि मी बाहेर घड्याळ पाहत चरफडायची. पण खरं सांगते, ज्या दवाखान्यांत आपण असे बसलो त्यांचे आकडे मला पुन्हा कधी तपासावे लागले नाहीत. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

आणि निरंक! आपल्या इकडच्या ऑफिसांचा सगळ्यात लाडका शब्द. काही घडलं नसलं तरी निरंक, माहीत नसलं तरी निरंक, आणि सांगायचं नसलं तर अलबत निरंक. तुला त्या शब्दाची चीड होती. तू प्रत्येक बैठकीत उभी राहून एकच सांगायचीस. नीट पाहिलं आणि खरंच काही नव्हतं, तर शून्य लिहा. माहीत नसेल, किंवा लिहायची भीती वाटत असेल, तर रकाना रिकामा सोडा, मी स्वतः फोन करीन. पण निरंक लिहू नका. आणि गाडीत बसल्यावर मला म्हणायचीस, "रिकामं दिसलं की फोन करता येते वं. निरंकाले कोणीच फोन करत नाही."

मग दर महिन्याच्या सुरुवातीला तुझे ते फोन. मी शेजारच्या टेबलावर डोकं धरून बसायची. एका रिकाम्या रकान्यासाठी तू आधी सुनेचं बाळंतपण विचारणार, मग शेतातलं धान, मग कोणाच्या गुडघ्याचं दुखणं, आणि अगदी शेवटी, "अच्छा बाई, वो एक खाना खाली है, क्या हुआ था?" आणि पलीकडचा माणूस सांगायचा गं! खरं सांगायचा. मला ते कधी जमलं नाही. माझा फोन गेला की लोकांना वाटायचं वसुलीवाले आले.

अनसुइया सिस्टरचा दवाखाना सालवृक्षांच्या जंगलापलीकडचा. तिथे मोबाईलची रेंज येते आणि जाते. बाळंतपणाची खोली तीच सांभाळायची, एकटी. आपण गेलो त्या दिवशी तिनं आपल्याला गरम चीला, तांदळाचं धिरडं, करून घातला होता, टमाट्याची चटणी बाजूला. तू जेवलीस, हात धुतलेस, आणि तिच्याबरोबर रजिस्टर पाहायला बसलीस. मेलेलीच जन्मलेल्या बाळांचा एक रकाना असतो, जन्मून मग गेलेल्या बाळांचा दुसरा. तिच्याकडे पहिल्या रकान्यात नोंद होती, दुसऱ्यात निरंक. सगळीकडे असंच असायचं. बाळ मेलेलंच आलं म्हटलं की कोणाला जाब द्यावा लागत नाही.

तू त्या नोंदीवर बोट ठेवलंस आणि हळूच विचारलंस, "रोया था?"

ती रजिस्टरची दुमडलेली कोपरं सरळ करत राहिली. मी खिडकीबाहेर पाहत होते, मला ते सहन होईना. मग ती म्हणाली, "एक बार रोया था, दीदी."

"तो फिर जनम हुआ था न उसका," तू म्हणालीस. "रोया, मतलब आया था. आया था, तो लिखना पड़ेगा बाई."

ती रडायला लागली. म्हणाली, लिहिलं तर विचारतील तू काय करत होतीस. मी हातात धरून बसले होते त्याला, दीदी, छातीशी धरून बसले होते, ऊब देणारी मशीन बंद पडलेली, किती वेळा मागितली, कोणी ऐकलं नाही. कोपऱ्यात ती मशीन होती, वर जुनी चादर टाकलेली. तू तिचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "लिखोगी तब न मशीन आएगी. नाम कहीं नहीं आएगा. मेरी ज़बान है."

तुझी ज़बान. तू खोटं बोलली नव्हतीस, कुंदा. आपल्याला वरून तेच सांगितलं होतं, की आकडे सुधारायला आहेत, कोणाला पकडायला नाहीत. मीही तिथेच बसले होते. मीही मान हलवली.

तिनं त्या दिवसापासून खरं लिहिलं. प्रत्येक महिन्याला, सुंदर वळणदार अक्षरात. आपण दोघी काय खूश होतो! परतीच्या वाटेवर तू गाडी थांबवून सगळ्यांना भजी खाऊ घातलीस.

आणि आपण नेटानं काम केलं ना. सगळ्या दवाखान्यांचे सगळे रकाने एकसारखे केले, एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवता येईल असे. मग साहेब बदलले. नव्यांना दिसलं, अरे वा, आता तर क्रम लावता येतो. बैठकीत भिंतीवर यादी आली. हिरवे वरती, लाल खाली. जिथे जिथे निरंक होतं ते सगळे हिरवे. आणि सगळ्यात खाली, लालभडक, सालाच्या जंगलापलीकडचा एक दवाखाना.

मला तुझा चेहरा आठवतो त्या वेळचा. तू साहेबांच्या खोलीत गेलीस, दार लावून घेतलंस, तरी तुझा आवाज जिन्यापर्यंत येत होता. "जो सच लिखेगा उसी को मारोगे, तो कल सच लिखेगा कौन?" मग लेखी आक्षेप दिलास, मीही त्यावर सही केली. काही झालं नाही. सिस्टरला नोटीस गेली. तिला बाळंतपणाच्या खोलीतून काढून बाहेर खिडकीवर नावनोंदणीच्या पर्च्या फाडायला बसवलं. पुढे काही महिन्यांनी परत घेतलं म्हणे, कारण तिथे दुसरी होती कोण? पण ते आपल्याला उडत उडत कळलं. तिनं फोन केला नाही, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी फोन करायला घाबरलीस.

"फूटपट्टी आपण बनवली विजू, अन् पहिला फटका तिनं खाल्ला," तू म्हणालीस. खाली टपरीवर पोहे समोर तसेच पडलेले, जिलबी थंड झालेली.

मी म्हटलं, "चूक तुही नाही ना. तुले का माहीत होतं?"

"चूक नसन माही. शब्द तं माहा होता."

"मंग जा ना. सांग तिले तेच. इथं बसून काहाले कुढून राहिली?"

"गेली अन् तिनं तोंड फिरवलं तं?"

"तं फिरवू दे! परत येऊ अन् काय!"

"तुले नाही समजत," म्हणालीस, आणि पोह्याच्या बशीकडे पाहत बसलीस. मला राग आला होता. मला वाटायचं, ही बाई दारुड्या कंपाउंडरांशी भांडते, आमदाराच्या मेव्हण्याला दवाखान्याच्या खाटेवरून उठवते, आणि एका गरीब सिस्टरसमोर जायला पाय कापतात हिचे? आता समजतं. ज्यांचं आपल्याला काही वाटत नाही त्यांच्यासमोर जायला काय लागतं!

तू शब्दाची कशी होतीस ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू एकदाच म्हणाली होतीस, "मी येत जाईन." बस्स. मग ऑफिस सुटलं की तू समता कॉलनीतल्या माझ्या घरी, हात धुवून सरळ बाबांच्या खोलीत. त्यांना कुशीवर वळवायचीस, पाठीला पावडर लावायचीस, आणि त्यांच्याशी गोंदियाच्या जुन्या गाड्यांच्या वेळांवरून वाद घालायचीस. बाबा बोलायचे बंद झाले होते सगळ्यांशी, तुझ्याशी वाद घालायचे. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. त्याबद्दल मी तुला काय दिलं? दिवाळीला साडी दिली, तर म्हणालीस रंग चांगला नाही. आणि दर संक्रांतीला तीच नेसून आलीस.

तुझं दुखणं तू आमच्यापासून किती दिवस लपवलंस हे मला तुझ्या लेकीनं, रश्मीनं, नंतर सांगितलं. पोटात दुखतं तर ओवा खाते, म्हणे! तू, नर्स! दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कावीळ ओळखणारी! तुझ्यावर ओरडायचं होतं मला, पण तुला त्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या खाटेवर पाहिलं आणि ओरडायचं सोडून तुझी उशी सारखी केली. खाजगीत नेते म्हणून रश्मी हट्ट धरून बसली, तर तू म्हणालीस, "जिंदगीभर लोकायले सांगितलं सरकारी दवाखान्यात जा, आता मी काहून पळू?" खाटेचा नंबर दाखवून मला म्हणालीस, "पाहाय, पाय लटकत नाही. खाट आहे." मी हसले. बाहेर व्हरांड्यात येऊन पदर तोंडात कोंबून रडले.

पडल्या पडल्या तू तिथल्या पोरींच्या नोंदी सुधारत होतीस. लघवी किती झाली ते अंदाजानं लिहू नको, मोजून लिही. त्या पोरी तुला वैतागल्या होत्या आणि ड्यूटी संपली तरी तुझ्याजवळ रेंगाळत होत्या.

त्या दुपारी मी पुन्हा विषय काढला. काढायला नको होता असं मला वाटत नाही. आता काढायचा नाही तर कधी? मी म्हटलं, फोन लावून देऊ का तिला? तू "नाही" म्हणून मान हलवलीस. "फोनवर नाही सांगत अशा गोष्टी. बरी झाली की जाऊ. तिच्यासाठी फरे करून नेऊ, तिले आवडते." मग जरा वेळानं म्हणालीस, "विजू, तिनं मले पाहून तोंड फिरवलं ना, तं मी तिथंच मरून जाईन."

मी म्हटलं, "तशीही कुठं जगून राहिली!" आपल्या नेहमीच्या भाषेत म्हटलं. तू इतकी हसलीस की ऑपरेशनचे टाके दुखले. तेच आपलं शेवटचं हसणं असेल हे माहीत असतं तर मी आणखी दोन वाईट विनोद केले असते.

तेरावं झालं आणि मी रश्मीला सांगितलं, मला एका ठिकाणी जायचं आहे, तुझ्या आईचं काम राहिलं आहे. तुझी लेक काय म्हणणार? मी मराठीत सांगते, ती हिंदीत उत्तर देते. "चलिए आंटी, मैं ले चलती हूँ." मी तांदळाच्या पिठाचे फरे वळून वाफवले. माझे फरे तुझ्यासारखे होत नाहीत, जरा घट्ट झाले. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती गाडी चालवत ऐकत होती. मग म्हणाली, "मम्मी किसी से डरती भी थीं?" मी म्हटलं, हो बेटा. एकाच बाईला घाबरायची.

सिस्टर ओसरीवरच होती, बायकांना गोळ्या देत. मला पाहिलं, उठून उभी राहिली, आणि माझ्या मागे पाहायला लागली. गाडीकडे पाहिलं. रश्मी उतरली, तिच्याकडे पाहिलं, चेहरा तुझाच ना तिचा, एक क्षण सिस्टरचा चेहरा असा उजळला की धरणीनं दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"दीदी नहीं आईं?" तिनं विचारलं.

मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. बहुतेक सांगितलंच नाही, माझ्याकडे पाहूनच कळलं तिला. ती पायरीवर बसली. गोळ्यांची पाकिटं मांडीवर तशीच. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, कोण गेलं हे माहीत नसताना.

मग मी तुझं म्हणणं तिला सांगितलं, कुंदा. जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न केला. की तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शब्द मोडला म्हणून. की तू साहेबांशी भांडलीस. की तू तिला रोज आठवायचीस.

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी मी काही भलतीच भाषा बोलत होते. "नाराज़? मैं? दीदी से?" आणि मग म्हणाली, "मैं तो रास्ता देखती थी. गाड़ी की आवाज़ आती तो बाहर आ जाती थी, कि आज आई होंगी. उनके हाथ में क्या था, जो मैं उनसे गुस्सा होती?"

ऐकलंस? ती वाट पाहत होती. दोन उन्हाळे तू तिकडे जायला घाबरलीस आणि दोन उन्हाळे ती गाडीचा आवाज ऐकून बाहेर येत होती. काहून नाही गेली गं तू? काहून नाही गेली? मी म्हणत होती ना तुले!

ती आम्हाला आत घेऊन गेली. बाळंतपणाची खोली पुसून लख्ख, कोपऱ्यात ती मशीन तशीच, वर चादर, चादरीवर धूळ. मी विचारलं, आली नाही का नवी? ती म्हणाली, मागणी परत आली. वरून विचारलं, तुमच्याकडे तर बाळं दगावत नाहीत, मशीन कशाला?

"अब निरंक लिखती हूँ न," ती म्हणाली. कुरकुर नव्हती आवाजात. "सब खुश हैं. हम लोग हरे में आ गए."

फऱ्यांचा डबा हातात होता तो तिला दिला. तिनं एक मोडून खाल्ला, रडत रडत, आणि म्हणाली, "दीदी एक बार आके बोल देतीं कि लिख अनसुइया, तो मैं लिख देती. फिर से नोटिस आता, तब भी लिख देती."

एकदा. कुंदा, फक्त एकदा जायचं होतं.

मी तिला लिही म्हटलं नाही. माझी ती लायकी नाही. तुझ्यासारखा शब्दही दिला नाही, कारण माझ्याकडे देण्यासारखा शब्द नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. एवढंच म्हटलं की तपासणाऱ्याच्या जागी आता तुझ्याऐवजी माझं नाव असतं, आणि यापुढे तिच्या कागदावर मी ते पूर्ण नाव लिहून सही करीन. विचारायचं तर आधी मला विचारतील. निवृत्तीला आलेल्या बाईला काय करतील? पर्च्या फाडायला बसवतील. बसवू देत, माझं अक्षर चांगलं आहे.

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. निघताना तिवऱ्याची कोवळी पालेभाजी वर्तमानपत्रात बांधून दिली, दोन पुड्या. एक रश्मीला. "दीदी को बहुत पसंद थी," म्हणाली. मला माहीतच नव्हतं तुला तिवरा आवडतो ते. इतकी वर्षं डबा वाटून खाल्ला आपण.

आता आज सकाळचं सांगते आणि थांबते.

महिन्याची माहिती आली. तुझी खुर्ची अजून कोणाला दिलेली नाही, मी त्यावर फाइली ठेवून ठेवल्या आहेत, म्हणजे कोणी बसू नये. मी एकेक दवाखाना उघडत होते. निरंक. निरंक. निरंक. डोळे सरावतात गं, बोट आपोआप खाली सरकतं. आणि एका जागी अडकलं. कॉम्प्युटर पुढे जाऊ देईना, लाल अक्षरात म्हणे, एक रकाना भरलेला नाही.

सालाच्या जंगलापलीकडचा दवाखाना. जन्मून गेलेल्या बाळांचा रकाना. रिकामा.

निरंक टाकलं असतं तर एका बटणात मोकळी झाले असते, दवाखाना हिरव्यात राहिला असता. मग तुझा आवाज आला, आणि मी फोन उचलला. तुझ्या जागेवरून नाही, माझ्याच टेबलावरून. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"हाँ दीदी," ती म्हणाली. जणू फोनपाशीच बसली होती.

मला तुझ्यासारखं सुनेचं बाळंतपण आणि धान विचारता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "अनसुइया, एक खाना खाली है."

"हव दीदी," ती म्हणाली. "पूछिए."

कुंदा, हा फोन तुझा होता. हे ऐकायला तू इथे पाहिजे होतीस, मी नाही.

"रोया था?" मी विचारलं.

तिकडे कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"रोई थी, दीदी. लड़की थी."

मी लिहून घेतलं.